एक बाई, एक क्रमांक

शरयू मॅडमकडे कुणीही बाई आली, की ती खुर्चीत नीट टेकायच्या आत मॅडमचा प्रश्न यायचा. “माहेरचं नाव काय तुझं? आडनाव नको, मला जात काढायची नाहीये. नाव. पाळण्यात ठेवलेलं.” कुरिअर घेऊन येणारी मुलगी, सोसायटीच्या चेअरमनची बायको, भाजीवाली, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेली घाबरीघुबरी आई, कुणालाच सूट नव्हती. काही बायका लाजायच्या. काही क्षणभर थांबून आठवायच्या. स्वतःचंच नाव आठवायच्या. ते बघून मला दर वेळी शिसारी यायची. बायकांची नाही, ज्या ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव कोरतात आणि भोवती उभं राहून फोटो काढतात, त्या ताटाची.

ही सवय मॅडमना पहिल्यापासून नव्हती. एका चुकीनं लागली. चूक त्यांची होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. ज्यांनी ती चूक व्हावी म्हणून खोटं सांगितलं, त्यांनी मात्र आजतागायत काही कबूल केलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मॅडम सोडून बाकीच्यांची नावं मी बदलली आहेत. नावं बदलायला आपल्याकडे कुणाला फार विचार करावा लागत नाही, मलाही लागला नाही.

मॅडम इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बुटक्या, केस आखूड कापलेले, चष्म्याला दोरी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शिक्षण संख्याशास्त्राचं. आधी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवलं, मग बाहेरगावच्या एका संशोधन संस्थेत गेल्या. आजाराचं जनुक शरीरातल्या सगळ्या जनुकांच्या पसाऱ्यात नेमकं कुठं बसलंय, हे शोधून काढणारी सॉफ्टवेअरं असतात. त्यावर त्यांचा हात तिथं बसला. ती नोकरी का सोडली असं विचारलं, की एकच वाक्य सांगायच्या. “रक्त आणायला गावात जीप गेली, उत्तर द्यायला सायकलसुद्धा गेली नाही.”

एका खेड्यातल्या एकाच कुटुंबातली कितीतरी माणसं त्यांनी स्वतः जमवून, समजावून, दंड पुढे करायला लावली होती. जनुकाची जागा सापडली. शोधनिबंध छापून आला, साहेबांना परदेशात बोलावणं आलं, हारतुरे झाले. त्या खेड्यातली माणसं दर खेपेला फोन करून विचारायची, “बाई, आमचं काय निघालं?” साहेब म्हणायचे, ते आपल्या कामात बसत नाही. मॅडमनी एक दिवस स्वतःच एसटी पकडली, त्या गावात जाऊन पारावर बसून सगळं सांगितलं, आणि परत येऊन राजीनामा दिला. माणसाचं रक्त चालतं आणि माणूस कामात बसत नाही, असल्या विद्वत्तेबद्दल मला जे वाटतं ते इथं छापण्यासारखं नाही.

नंतर त्या हेच काम घरी बसून करायच्या, फुकट. ही सॉफ्टवेअरं कुणालाही विनामूल्य मिळतात. शिकायची चिकाटी लागते. ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर त्यांच्याकडे घराणी पाठवायचे. हो, रुग्ण नव्हे, घराणी. मॅडम म्हणायच्या, “एकट्या माणसाकडून मला काही कळत नाही. मला गोतावळा लागतो. लग्नाच्या बोलणीला जेवढी माणसं येतात तेवढी घेऊन या.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एक पत्रक घेऊन. आमची संघटना लहान आहे. आनुवंशिक आजाराचं खापर सुनांवर फोडतात, त्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, मोर्चे काढतो. पत्रक तपासून द्या म्हणून मी गेले. मॅडमनी लाल पेन घेतलं आणि मजकूर न वाचताच कागदावर टिंबं करत सुटल्या.

“काय करताय, मॅडम?”

“उद्गारचिन्हं मोजतेय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी काठी उगारलीयेस. यातलं सिद्ध काय केलंयस?”

“अन्याय सिद्ध करायला लागतो का?”

“कोर्टात लागतो, पत्रकवाल्या बाई.”

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली झाले, आणि माझ्या लिखाणातून उद्गारचिन्ह गेलं ते गेलंच. राग गेला नाही.

ते पत्रक सुवर्णासाठी होतं. सुवर्णा पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खात्यापित्या घरातली सून. सासरे रामनाथ अण्णा, त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस, दारात दोन टेम्पो, शब्दाला वजन. नवरा संदीप, ज्याला वडिलांसमोर फक्त मान हलवता येते. आणि मुलगा ओम, तेव्हा नऊ वर्षांचा. ओमला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. आधी घरात थट्टा झाली. मग तो पॅकहाऊसमधल्या क्रेटवर रोज अडखळायला लागला, बाजूनं आलेला बॉल दिसेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतोय, आजार आनुवंशिक आहे, आज तरी उपाय नाही.

आनुवंशिक हा शब्द त्या घरात शिरला आणि ओमचे डोळे बाजूला राहिले. आजार कुणाकडून आला एवढाच प्रश्न उरला, आणि तोही चहा संपायच्या आत सुटला. सुवर्णाच्या माहेरी, सिन्नरच्या बाजूला, तिचे एक काका आणि एक आत्या दोघं याच आजारानं आंधळे होते. झालं. “हिनंच आणलं.” पहिल्यांदा पूर्वजांचा दोष म्हणून त्र्यंबकेश्वराला जाऊन विधी केला. फरक पडला नाही, तेव्हा सुवर्णाला ओमसकट माहेरी घातलं आणि पाठोपाठ वकिलाची नोटीस धाडली. आजार लपवून, फसवून लग्न लावलं, सबब लग्न मोडून द्यावं. गुरुजींसमोर दोष पूर्वजांचा आणि वकिलासमोर दोष सुनेचा. हे एकाच महिन्यात एकाच तोंडानं बोलायला माणसाला काय लागतं, मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. संदीपसाठी दुसरी मुलगीही ठरवून झाली होती. अण्णांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, काजल. संदीपची आतेबहीण. “घरचीच पोरगी, पारखलेली,” असं अण्णा सगळीकडे सांगत होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “मोर्चा थांबव. मला दोन्ही घरांचं रक्त हवंय.”

मला वाटलं होतं अण्णा हाकलून देतील. ते तर खुशीनं तयार झाले. मॅडम आणि मी पॅकहाऊसवर गेलो तेव्हा त्यांनी दोघींना खुर्च्या मागवल्या, द्राक्षं धुऊन आणायला सांगितली.

“घ्या ना मॅडम, किती पायजे तितकं रक्त घ्या. आमच्या खानदानात असलं काय बी नाय. लॅबचा कागद आला म्हंजे तिच्या माहेरच्यांची तोंडं तरी बंद व्हतील.”

“तुमच्या आईकडे कुणाला?” मॅडमनी विचारलं.

भिंतीवर हार घातलेला फोटो होता, कै. भागीरथीबाई. अण्णांनी तिकडे बघून हात जोडले. “आई नव्वदीपर्यंत सुईत दोरा ववायची.”

“तिचं माहेर?”

“सिन्नरकडचं.”

“सुनेचं माहेरही तिकडचंच. आडनावही तेच दिसतंय.”

“अर्धं गाव त्याच आडनावाचं हाय, मॅडम. भावकी लय लांबची.”

संदीप शेजारी उभा होता. त्यानं मान हलवली.

मॅडमनी दोन्ही घरांची वंशावळ घेतली. सासरची अण्णांनी सांगितली, माहेरची सुवर्णाच्या वडिलांनी. पुरुष चौकोन, बायका गोल, आजारी असेल तो काळा. हा तक्ता सॉफ्टवेअरला द्यावा लागतो, त्याशिवाय ते पाऊल उचलत नाही. तक्ता इंदिरानगरच्या त्यांच्या खोलीत भिंतभर लावलेला असायचा आणि मॅडम त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायच्या.

मला त्यांनी हे काम असं समजावलं. “आग्रा रोड घे. चांदवडपासून घोटीपर्यंत. रस्त्यात कुठंतरी एक खड्डा आहे. खड्डा अंधारात आहे, तो दिसत नाही. मैलाचे दगड तेवढे दिसतात. तर ज्या ज्या टेम्पोचा टायर फुटला, ते सगळे कोणत्या दगडावरून गेले आणि ज्यांचा फुटला नाही ते कोणत्या दगडावरून गेले नाहीत, हे विचारत जायचं. हाताला लागला खड्डा. आता प्रत्येक माणसात हा रस्ता दोनदा असतो. एक आईनं दिलेला, एक बापानं. या असल्या आजारात दोन्ही रस्त्यांवर खड्डा असेल तरच माणूस आजारी पडतो. एकाच रस्त्यावर असला तर दुसऱ्यावरून वाहतूक चालू राहते, माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही.”

“म्हणजे ओमला आजार झाला, तर दोघांकडून आला.”

“असं मी म्हणते, पुस्तक म्हणतं. अण्णांचा वकील म्हणेल, दाखवा. संदीपच्या रस्त्यावर खड्डा कुठाय, बोट ठेवा. त्याच्या घरात तर कुणीच आंधळं नाही.”

बोट ठेवणं सोपं नव्हतं. आता सगळी जनुकं वाचणारी यंत्रं आली आहेत, ओमची वाचलीही होती. पण वाचलं की प्रत्येकातच बारीकसारीक बदल ढिगानं सापडतात. त्यातला गुन्हेगार कोणता आणि वाटसरू कोणता, ते नुसत्या वाचनातून कळत नाही. आधी रस्त्याचा टप्पा ठरावा लागतो. सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्याला गुण देतं. तीनच्या वर गेला तर मानायचं, खाली राहिला तर तो योगायोग असू शकतो. “आधी योगायोगाला उभं करायचं,” मॅडम म्हणायच्या. “तो हरला, तरच आजाराचं नाव घ्यायचं. तुमच्या मोर्चात उलटं असतं.”

गुण दोनच्याही वर जाईना. मॅडमनी आकडे बदलून पाहिले, दुसरं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. आणि एक विचित्र गोष्ट त्यांना छळत होती. ओमच्या एका टप्प्यावर आईकडचा रस्ता आणि बापाकडचा रस्ता दगडन् दगड सारखे दिसत होते. असं तेव्हाच होतं, जेव्हा आईबाप एकाच पूर्वजाचे असतात. तक्ता तर म्हणत होता, दोन घरांचा संबंध नाही.

इथं त्यांची चूक झाली. त्यांनी लॅबवर संशय घेतला. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सगळ्यांचं रक्त पुन्हा मागवलं. ओमला पुन्हा सुई टोचली, तो रडला, सुवर्णानं दात आवळून त्याचा हात धरून ठेवला. रिपोर्ट तसाच्या तसा आला. मॅडमनी अण्णांना फोन लावला. “नातं आहे का हो कुठं, जुनं?” अण्णा म्हणाले, “सांगितलं ना, लय लांबची भावकी.” सुवर्णाच्या वडिलांनाही विचारलं. ते म्हणाले, “आता त्यांच्याशी कसलं नातं, मॅडम? तोडलं त्यांनी.” एकजण लपवत होता, दुसरा रागानं बोलत होता. दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. मॅडम पुरुषांना विचारत राहिल्या, कारण वंशावळ पुरुष सांगतात अशी आपली समजूत.

सुवर्णा एका दुपारी ओमला घेऊन आली ती आम्हाला नोटिशीचं दुसरं पत्र दाखवायला. मॅडम चहा टाकत होत्या. ओम खाली बसून चिवड्यातले शेंगदाणे बोटांनी चाचपून वेगळे करत होता. सुवर्णा भिंतीसमोर उभी राहिली. तो तक्ता तिनं तोवर नीट पाहिलेलाच नव्हता. रक्त द्यायला बोलावलं की तिनं यायचं, झालं की जायचं, एवढंच तिचं काम होतं.

“हे आमचं माहेर ना, मॅडम? हे आमचे आजोबा. ही त्यांची बहीण, ठकूआत्या.”

“हो.”

“मग हिला दोनदा का काढलंय?”

मॅडम स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “कुणाला दोनदा?”

“ही इकडं ठकूआत्या, आणि ती तिकडं भागीरथी आजी, अण्णांची आई. एकच की ओ. लग्नात नाव बदललं तिचं. तिनंच तर माझी सोयरीक जमवली. भावाच्या नातीला आपल्या घरात आणते म्हणाली.”

आत चहा उतू गेला, त्याचा वास आला.

“तू आधी का नाही बोललीस?” मी विचारलं.

“मला कुणी विचारलं, ताई? आणि मला वाटलं, तुमच्या शास्त्रात बाईला दोनदाच काढत असतील. एकदा माहेरी, एकदा सासरी.”

मॅडम स्टुलावर बसल्या. मी त्यांना कधी खजील झालेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मग म्हणाल्या, “माझं नाव विजया आहे. लग्नात शरयू केलं. सर्टिफिकेटं विजयाची, पगार शरयूचा. त्या दोघी एकच आहेत, हे पटवायला मी कचेऱ्यांतून किती हिंडले असेन. आणि माझ्याच भिंतीवर एक बाई दोन होऊन लटकतेय, ते मला कळू नये.”

सुवर्णा म्हणाली, “मी नाही बदलू दिलं. सासूबाई अजून टोमणे मारायच्या त्यावरून.”

मॅडमनी खोडरबर घेतलं, भागीरथीचा गोल पुसला, आणि अण्णांची रेघ सरळ ठकूपर्यंत ओढली. दोन घरं एका बाईपाशी जुळली. तिथं त्यांनी एक क्रमांक घातला. “एक बाई, एक क्रमांक,” त्या म्हणाल्या. “यंत्राला नाव लागत नाही. नाव आपल्याला लागतं, आणि आपणच बदलून ठेवतो.”

मग यंत्र पुन्हा लावलं. नात्यातलं लग्न आलं की हिशेब किचकट होतो. “यंत्रालाही घाम फुटतो,” मॅडम म्हणाल्या. पंखा घरघरत होता. सुवर्णानं ओटा पुसून पुन्हा चहा केला, आम्ही तो प्यायलो. ओम विचारत होता, “झालं का? झालं का?” संध्याकाळच्या आत पडद्यावर आलेख आला. लांबलचक सपाट रेघ आणि एकाच ठिकाणी एक शेंडा. तीनच्या वर, चांगलाच वर. तिथंच, जिथं ओमचे दोन्ही रस्ते सारखे होते.

पुढचं डॉक्टरांनी केलं. त्या टप्प्यात डोळ्याच्या पडद्याचं एक माहितीतलं जनुक होतं आणि त्यात एक सदोष अक्षर. आंधळ्या काकांत आणि आत्यात दोन्ही प्रती सदोष, ओमच्या दोन्ही सदोष. सुवर्णाची एक. संदीपची एक. रामनाथ अण्णांची एक. ठकूनं, म्हणजे भागीरथीनं, दिलेली. तिच्याकडेही एकच असणार, म्हणून तर नव्वदीपर्यंत सुईत दोरा ओवत होती.

सुवर्णानं विचारलं, “यानं ओमचे डोळे येतील?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

“पुढं कधी?”

“प्रयोग चाललेत. आज मी हो म्हटलं तर ते खोटं होईल.”

सुवर्णानं रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाली, “बरं. खोटं खूप ऐकून झालंय.”

अण्णांना मॅडमनी इंदिरानगरला बोलावलं. मोर्चा नाही, पत्रक नाही, भिंतीवरचा तक्ता तेवढा. अण्णा आले, संदीप आला. मॅडमनी पट्टी घेऊन शाळेतल्या पोरांना शिकवावं तसं सगळं सांगितलं. ठकूच्या गोलावर पट्टी ठेवून विचारलं, “ही कोण?”

अण्णा खिशातला मोबाईल चाचपू लागले.

“तुमची आई आहे, रामनाथराव. फोटोला हार घालता. हिला तुम्ही मला लांबची भावकी सांगितलीत.”

संदीपच्या तोंडून पहिल्यांदा काहीतरी फुटलं. “अण्णा, म्हंजे माझ्यात पण हाय?”

“तू गप रं.”

मला वाटलं, आता हा माणूस निदान खाली बघेल. सुनेचं नाव घेईल. ओम कसा आहे असं विचारेल, नातू होता त्याचा. अण्णांनी खुर्ची मॅडमकडे ओढली आणि आवाज बारीक केला.

“मॅडम, मग एक काम करा. काजलची पण करून घ्या ही टेस्ट. तिला काय सांगू नका. बाकीच्या तपासण्यांत रक्त घेऊ, त्यातलंच तुम्हाला देतो. तिच्यात नसलं तर बार उडवून टाकू.”

आजही ते वाक्य लिहिताना माझ्या तोंडाला कडू येतं. जनुक सापडायला जे घराणं उलगडलं, ज्या पोराला दोनदा टोचलं, जी बाई वर्षभर माहेरच्या पडवीत चोरासारखी राहिली, त्या सगळ्यातून या माणसानं काय उचललं, तर पुढची सून पारखायची नवी चाळणी. मी काहीतरी बोलायला उठले. मॅडमनी माझा हात दाबून मला खाली बसवलं.

“काजल माझ्याकडे आली आणि तिनं विचारलं, तर तिला सांगीन. तुम्हाला नाही.”

“तुमचं काय असंल ते आपण—”

“रामनाथराव, तुमच्या आईनं भावाची नात आणली, तिला हे ठाऊक नव्हतं. तिला मी दोष देत नाही. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. उठा आता, मला दळण आणायचंय.”

दळण खरंच आणायचं होतं. पिठाच्या डब्याची पिशवी दारालाच अडकवलेली होती. आम्हा तिघांच्या आधी मॅडमच चपला घालून जिन्यात पोचल्या.

काजलला फोन केला तो सुवर्णानं. मी तिच्या जागी असते तर केला नसता. काजल कॉलेजातली पोर, घाबरत घाबरत आली, मॅडमनी दार लावून तिला एकटीला तासभर समजावलं. आत काय बोलणं झालं, ते मॅडमनी मलाही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, “ते तिचं आहे.” काजलनं लग्नाला नकार दिला एवढं बाहेर कळलं. अण्णांनी नोटीस गुपचूप मागे घेतली. तक्ता कोर्टात गेला असता तर ते आंधळे काका-आत्या अण्णांच्या आईचीच भाचरं निघाली असती आणि चारचौघांत फसवणारा कोण ते दिसलं असतं. माफी नाही, निरोप नाही. संदीप एकदा सुवर्णाच्या माहेरी न्यायला आला होता. तिनं त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, ओमला भेटायला केव्हाही या, मला न्यायला येऊ नका. त्यानं मान हलवली.

सुवर्णा नाशिकला आली. ओमची शाळा इथली झाली, तो पांढरी काठी शिकला. ती मॅडमकडे तक्ते काढायला बसू लागली, पुढं त्या डॉक्टरांनी तिला त्याच कामावर ठेवलं. आलेल्या कुटुंबातल्या बायकांना ती आधी बोलवते, पुरुषांना मागाहून. मॅडमचा नाव विचारायचा नेम याच चुकीतून लागला, आणि सुवर्णानं तो जसाच्या तसा उचलला. मॅडमना या चुकीबद्दल कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, “यंत्रानं मला चार वेळा सांगितलं, नातं आहे. मी यंत्रावर विश्वास ठेवला नाही, दोन पुरुषांवर ठेवला.” आणि हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. मी एकदा म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही? म्हणाल्या, “येतो. पण रागानं गुण तीनच्या वर जात नाहीत, पत्रकवाल्या बाई. तो नंतर यावा.”

गेल्या वर्षी त्या गेल्या. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी संपल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. त्यांच्या दिराचा मुलगा मुंबईहून आला होता, भला माणूस, धावपळ करत होता. समोर मोठा फ्लेक्स, त्यावर मॅडमचा चष्मा लावलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत कै. शरयू, त्यापुढे नवऱ्याचं नाव, त्यापुढे सासरचं आडनाव. बाईचं म्हणून त्यात काय होतं, तर तो चष्मा.

सुवर्णा ओमला हाताशी धरून आली. ओम आता तिच्या खांद्याला लागलाय. त्यानं विचारलं, “काय लिहिलंय, आई?” तिनं वाचून दाखवलं. ओम म्हणाला, “अर्धंच लिहिलंय.”

सुवर्णा त्या पुतण्याकडे गेली. मी मागेच होते. ती म्हणाली, “दादा, बोर्डावर विजया पण घाला ना. जागा आहे.”

त्यानं फोटोकडे पाहिलं, सुवर्णाकडे पाहिलं, आणि अगदी आदरानं विचारलं, “कोण विजया?”